टिकलूच्या दारातली नळी

समुद्र होता. वाळू होती. वाळूत एक बीळ होतं. केवढं? बोटाएवढं.

बिळात कोण राहायचं? कुर्ली राहायची. कुर्ली म्हणजे छोटीशी खेकडी. आणि तिचा धाकटा भाऊ राहायचा. त्याचं नाव टिकलू. टिकलू केवढा? कपाळावरच्या टिकलीएवढा.

कुर्ली कशी चालायची? सरळ नाही बरं. तिरकी.

तुरु तुरु तिरकी! तुरु तुरु तिरकी!

एका सकाळी कुर्ली खाऊ आणायला निघाली.

"टिकलू, आतच बस हं. बाहेर बगळा असतो. मी आलेच."

"लवकर ये, ताई."

कुर्ली गेली. कुर्ली आली. बघते तर काय? बीळच नाही!

बिळाच्या जागी वाळूचा किल्ला. हा एवढा मोठा. किल्ल्यावर झेंडा. कसला झेंडा? लाल-पांढऱ्या पट्ट्यांची नळी. प्लास्टिकची. शहाळं पितात ना, ती. नळी थेट बिळात खोचलेली.

कुर्लीने उकरलं. खरवड खरवड. वाळू हलेना. थापून थापून घट्ट केलेली. कुर्लीने नळी ओढली. सट्! नांगी सटकली. नळी गुळगुळीत.

मग नळीतून आवाज आला. बारीक.

"ताई, अंधार झाला. ताई, गरम होतंय."

घाबरू नका हं. टिकलू आत आहे. पण वर ऊन चढतंय. लाट इथवर येत नाही. वाळू तापली, की बीळ सुकतं. बीळ सुकलं, की टिकलूपण सुकेल.

"थांब टिकलू. आत्ता दार उघडते."

किल्ल्याजवळ बकू बसली होती. बकू म्हणजे एक छोटी मुलगी. मांडीत शहाळं. हातावर वाळू. थप थप थप! किल्ला तिचाच.

तुरु तुरु तिरकी, कुर्ली तिच्यापुढे गेली.

"बकू बकू, नळी काढ."

"का गं?"

"टिकलू माझा बिळात अडकला.
दारात नळी, निघता निघेना."

"अरेरे! वाईट वाटतं गं. पण ह्या नळीला वाळू लागली. आता मी शहाळं कशाने पिऊ? बाबीकाकाकडून दुसरी आण. मग ही काढते."

"आधी काढ ना."

"आधी आण ना."

"जरा वाकून बघ तरी. आत टिकलू आहे."

"किल्ल्यात कोणी नसतं. किल्ला माझा आहे."

थप थप थप!

तुरु तुरु तिरकी, तुरु तुरु तिरकी, कुर्ली गेली बाबीकाकाकडे.

माडाखाली बाबीकाकाचं दुकान. हातात कोयता. समोर शहाळी. खच्च! खच्च!

"बाबीकाका बाबीकाका, नळी द्या."

"कोणाला गो?"

"टिकलू माझा बिळात अडकला.
दारात नळी, निघता निघेना.
बकू नळी काढीना."

"अरेरे! वाईट वाटतं गो. ही घे. मूठभर घे."

मूठभर नळ्या. लाल-पांढऱ्या. प्लास्टिकच्या. कुर्ली मागे सरकली.

"ह्या नकोत, काका. ह्या एकदा पिऊन फेकतात. मग आणखी कोणाचं तरी दार बुजतं. न फेकायची द्या. धुवायची. परत वापरायची."

"तशी वेळूची असते. पण वेळूची माझ्याकडे कुठली? सुगंधाकाकीने कापून दिली, तर देईन."

"तुम्ही सांगा ना काकीला."

"आणि गिऱ्हाईक काय तू बघणार? कोयता उचलतो का तुला?"

खच्च! खच्च!

तुरु तुरु तिरकी, तुरु तुरु तिरकी, कुर्ली गेली सुगंधाकाकीकडे.

काकी अंगणात टोपली विणत होती. वेळूच्या पट्ट्या. एक खाली, एक वर. सर्र खट्! सर्र खट्!

"काकी काकी, नळी कापा."

"कशाला गं बाय?"

"टिकलू माझा बिळात अडकला.
दारात नळी, निघता निघेना.
बकू नळी काढीना.
काका वेळूची देईना."

"अरेरे! वाईट वाटतं गं. पण बघ, माझ्या सगळ्या पट्ट्या चिरलेल्या. चिरलेल्याची नळी होते का? नळीला अख्खी काठी हवी. बारीक. पोकळ. वेळूने काठी दिली, तर कापते."

"घरात एखादी असेल, काकी. उठून बघता?"

"उठू कशी? हात सुटला की वीण सुटते."

सर्र खट्! सर्र खट्!

तुरु तुरु तिरकी, तुरु तुरु तिरकी, कुर्ली गेली वेळूकडे.

वेळूचं बेट उंच उंच. वारा आला की करकरायचं. कर्रर्र कुई! कर्रर्र कुई!

"वेळूदादा वेळूदादा, काठी दे."

"कोण बोलतंय? खाली कोण आहे?"

"मी कुर्ली.
टिकलू माझा बिळात अडकला.
दारात नळी, निघता निघेना.
बकू नळी काढीना.
काका वेळूची देईना.
काकी नळी कापीना."

"अरेरे! वाईट वाटतं गं. पण माझी मुळं बघ. कोरडी ठणठणीत. ओहोळाने पाणी सोडलं, तर काठी देतो."

"एवढा मोठा तू! तुझी एक काठी नाही?"

"मोठा आहे, म्हणून तर तहान मोठी."

कर्रर्र कुई! कर्रर्र कुई!

तुरु तुरु तिरकी, तुरु तुरु तिरकी, कुर्ली गेली ओहोळाकडे.

ओहोळ म्हणजे अगदी लहान ओढा. एरवी झुळझुळ वाहायचा. आज नुसता चिखल. डुब्. डुब्.

"ओहोळदादा ओहोळदादा, पाणी सोड."

"कशाला गं?"

"टिकलू माझा बिळात अडकला.
दारात नळी, निघता निघेना.
बकू नळी काढीना.
काका वेळूची देईना.
काकी नळी कापीना.
वेळू काठी देईना."

"अरेरे! वाईट वाटतं गं. पण वर बघ. म्हैस बसलीय माझ्यात. चांगली आडवी. पाणी तिच्या पाठीमागे अडलं. म्हैस उठली, तर पाणी सोडतो."

कुर्ली चिडली. नांगी उगारली.

"बकूला वाईट वाटतं. काकाला वाईट वाटतं. काकीला, वेळूला, तुला. सगळ्यांना वाईट वाटतं. वाईट वाटून दार उघडत नाही, ओहोळदादा!"

ओहोळात एक बुडबुडा फुटला. डुब्.

तुरु तुरु तिरकी, तुरु तुरु तिरकी, कुर्ली गेली म्हशीकडे.

म्हैस पाण्यात बसलेली. काळी काळी, मोठी मोठी. डोळे मिटलेले. तोंड हलतंय. फुर्रर्र! फुर्रर्र!

"म्हैसमावशी म्हैसमावशी, ऊठ ना."

म्हशीने एक डोळा उघडला.

"कोण गं तू? बेडकी?"

"बेडकी काय? मी कुर्ली.
टिकलू माझा बिळात अडकला.
दारात नळी, निघता निघेना.
बकू नळी काढीना.
काका वेळूची देईना.
काकी नळी कापीना.
वेळू काठी देईना.
ओहोळ पाणी सोडीना."

"अरेरे! वाईट वाटतं गं. उठलेही असते. पण उठून जाऊ कुठे? पलीकडे माझी गवताची वाट. त्या वाटेत ढीग पडलाय. नळ्यांचा. परवा गवताबरोबर एक नळी तोंडात आली. घशाला टोचली. अजून गिळताना दुखतं. ढीग उचलला, तर उठते."

"ढीग कोणाचा, मावशी?"

"मला काय ठाऊक? लाल-पांढऱ्या पट्ट्या आहेत."

फुर्रर्र! डोळा मिटला.

लाल-पांढऱ्या पट्ट्या! कुर्ली वळली. तुरु तुरु तिरकी धावली.

वाटेत किल्ला लागला. ऊन डोक्यावर आलं होतं. वाळू चटचट भाजत होती. कुर्लीने नळीपाशी तोंड नेलं.

"टिकलू?"

आधी काहीच नाही. मग अगदी हळू.

"ताई… पाणी."

"आणते रे. थोडं थांब. तू शहाणा ना माझा?"

कुर्ली पळाली. पाय भाजले, तरी पळाली. आली परत बाबीकाकाकडे.

खच्च! खच्च!

"बाबीकाका बाबीकाका, ढीग उचला."

"कसला ढीग गो? आणि वेळूची नळी कुठाय?"

"टिकलू माझा बिळात अडकला.
दारात नळी, निघता निघेना.
बकू नळी काढीना.
काका वेळूची देईना.
काकी नळी कापीना.
वेळू काठी देईना.
ओहोळ पाणी सोडीना.
म्हैस जागची उठेना.
तिच्या वाटेत नळ्यांचा ढीग. लाल-पांढऱ्या पट्ट्या. काका, तो ढीग कोणाचा?"

कोयता वर गेला. खाली आलाच नाही.

बाबीकाका मागे वळला. दुकानामागे बघितलं. तिकडे तो कधी बघायचाच नाही. नळ्या. नळ्या. नळ्याच नळ्या. गवतात, चिखलात, पार ओहोळापर्यंत.

"ह्या माझ्याच गो," बाबीकाका म्हणाला. "पिऊन झालं की लोक मागे टाकायचे. मी म्हणायचो, वारा नेईल."

"वारा कुठे नेणार, काका? इथल्या इथे फिरवतो."

या खेपेला बाबीकाका 'अरेरे' म्हणाला नाही. वाईट वाटतं, असंही म्हणाला नाही. त्याने कोयता ठेवला. दाताळं उचललं.

खर्र खर्र! खर्र खर्र!

गिऱ्हाईक आलं. "शहाळं द्या हो."

"आत्ता नाही. थांबायचं तर थांब."

खर्र खर्र! टोपली भरली. आणखी एक टोपली भरली. वाट मोकळी झाली.

ढीग उचलला. म्हैस उठली. फस्स! पाणी हललं, चिखल हलला, सगळा ओहोळ हलला.

"उठले बाई एकदाची," म्हैस म्हणाली, आणि गवताकडे निघाली. तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हशीचं असंच असतं.

म्हैस उठली. ओहोळ सुटला. झुळझुळ झुळझुळ!

"मी आधीच थोडा कडेने यायला हवं होतं," ओहोळ पुटपुटला. "तिच्या पोटाखालून. जमलं असतं मला."

ओहोळाने पाणी सोडलं. वेळू प्यायला. गट गट गट.

"घे गं काठी. कोवळा कोंब नको, ही जुनी घे. एकच तर काठी. एका काठीने मी काय वाळणार होतो? उगाच अडवलं तुला."

वेळूने काठी दिली. काठी बाबीकाकाच्या हातात. कुर्ली बाबीकाकाच्या टोपीवर. दोघं काकीच्या अंगणात.

"काकी, काठी!"

काकीने टोपली खाली ठेवली. हात सुटला. वीण थोडी सुटली. सुटू दे. काकीने पेराच्या अलीकडून काठी कापली. कुर्र कुर्र! कड घासली. झाडूचा हीर घेतला, हिराला चिंधी गुंडाळली. हीर नळीत घातला, पुढे-मागे फिरवला. मग फुंकर मारली. फूऽऽ!

"झाली एक. दुकानासाठी आणखी कापू, बाबी?"

"नंतर काकी, नंतर!" कुर्ली टोपीवरून ओरडली. "टिकलू सुकतोय!"

काकीचा चेहरा उतरला. "खरंच की गं. मला सकाळीच उठता आलं असतं."

बाबीकाका धावला. पाय वाळूत रुतत होते. टोपी हलत होती. कुर्लीने टोपी घट्ट धरली.

किल्ल्यापाशी बकू बसलेली. शहाळं मांडीत तसंच.

"घे बकू," बाबीकाका म्हणाला. "वेळूची नळी. ही फेकायची नाही. पिऊन झालं की मला परत. मी गरम पाण्यात उकळीन, उन्हात वाळवीन, मग उद्या…"

"काका!" कुर्ली रडायलाच लागली. "आधी दार!"

काकाने नळी दिली. बकूने झेंडा धरला. सुर्रर्र! नळी निघाली. बकूने दोन्ही हातांनी किल्ला बाजूला केला. सगळा.

खाली बीळ. बोटाएवढं. कुर्ली आत शिरली.

"टिकलू!"

आवाज नाही.

"टिकलू, मी आले. ताई आली."

आवाज नाही.

बकू वाकली. आता वाकली. बिळाला डोळा लावला. खाली, अगदी खाली, काहीतरी होतं. टिकलीएवढं. हलत नव्हतं.

"खरंच आहे गं आत," बकू म्हणाली.

"पाणी आण, बकू! समुद्राचं!"

बकू पळाली. ओंजळ भरली. येईपर्यंत सगळी गळून गेली. पुन्हा पळाली. पुन्हा गळाली. हात नुसते ओले.

मग बकूने वेळूची नळी घेतली. पाण्यात बुडवली. वरच्या टोकावर अंगठा दाबला. नळीत पाणी राहिलं! बकू आली. नळी बिळावर धरली. अंगठा उचलला.

टप्. टप्. टप्.

पुन्हा गेली. पुन्हा आली. टप्. टप्. टप्. शहाळं वाळूत कलंडलं. तिचं लक्षच नव्हतं.

टप्. टप्.

वाळू काळी झाली. ओली झाली. थंड झाली. आणि आतून आवाज आला.

"ताई… किती वेळ लावलास गं."

"आले रे राजा. आले." कुर्लीने त्याला नांगीत घेतलं. घट्ट.

बाबीकाकाने टोपी काढली आणि घाम पुसला. घाम होता, की आसवं होती, कोण जाणे. मग दुकानात जाऊन प्लास्टिकच्या उरलेल्या नळ्या त्याने पोत्यात भरल्या. काकीकडे निरोप धाडला. वेळूच्या कापा म्हणावं. भरपूर कापा.

बकू मात्र तिथेच बसली.

"टिकलू, बाहेर ये ना. मी किल्ला मोडला. बघ ना."

टिकलू आला नाही.

"मी तुला शहाळं देईन."

टिकलू आला नाही. कुर्ली एकटीच दारात आली.

"तो येणार नाही, बकू. तुझा आवाज आला की तो आणखी खाली जातो."

"मी मुद्दाम नाही केलं."

"माहितेय मला. त्याला नाही माहीत."

"मग तो कधी येईल?"

"कुणास ठाऊक," कुर्ली म्हणाली, आणि आत गेली.

बकूला रडू आलं. पण मोठ्याने रडली असती, तर टिकलू आणखी खाली गेला असता ना? म्हणून ती हळूच रडली. हळूच उठली. हळूच मागे गेली. एक पाऊल. आणखी एक. आणखी एक. माडापर्यंत मागे गेली. सावलीत बसली. हात पोटाशी धरले. बोलली नाही. हलली नाही.

लाट आली. लाट गेली.

वाळूवरून वारा गेला. बगळा उडून गेला. बकू तशीच.

मग बिळातून एक डोळा वर आला. काळा. मोहरीएवढा.

मग दुसरा डोळा.

ते डोळे बकूकडे बघत राहिले. बकूला वाटलं, धावावं. बकू धावली नाही.

दार उघडं, गोष्ट मिटली. आता गप्प राहायचं हं आपण. टिकलू बघतोय.